रंग काढताना, रंग सुकताना

दसरा-दिवाळी जवळ आली की रंगाच्या दुकानांत गर्दी होते. भिंती रंगाऱ्याकडे सोपवल्या, तरी ‘कपाटं काय, आपणच रंगवू’ असं पुष्कळ घरांत ठरतं. एक लिटर ऑइल पेंट, एक ब्रश, चार पॉलिश पेपर, टर्पेंटाइनची बाटली आणि एक सुट्टीचा दिवस, एवढ्यात काम भागेल असा हिशेब असतो. दुकानदार छटांचं पुस्तक पुढे करतो. कपाट कशाचं आहे, किती जुनं आहे आणि त्यावर आधी काय लावलेलं आहे, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. कामाची पद्धत मात्र याच तीन गोष्टींवरून ठरायला हवी.

ब्रशने रंग लावणं हा या कामातला त्यातल्या त्यात निरुपद्रवी भाग. धोके त्याच्या आधी आणि नंतर असतात. आधी जुना रंग घासताना उडणारी धूळ, नंतर नवा रंग सुकताना निघणारी वाफ. आपली काळजी बहुधा मधल्याच टप्प्यावर खर्च होते. फरशीवर थेंब पडू नयेत म्हणून घरभर वर्तमानपत्रं अंथरली जातात, आणि त्याच फरशीवरची घासकामाची धूळ केरसुणीने झाडून हवेत उडवली जाते.

आधी धुळीचं बघू. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याची सक्ती फार उशिरा आली. केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम काढले आणि वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं असलेला घरगुती वा सजावटीचा रंग बनवण्यावर बंदी आली. ९० पीपीएम म्हणजे किलोभर रंगात ९० मिलिग्रॅम. त्याआधीही मर्यादा होती, पण ती ऐच्छिक. काही मोठ्या कंपन्यांनी शिसं आधीच सोडलं होतं. बाकीच्या असंख्य लहानमोठ्या डब्यांत काय होतं, ते त्या डब्यांबरोबरच गेलं. उरलं ते कपाटांवर. त्यामुळे २०१७ च्या आधी रंगवलेल्या प्रत्येक कपाटाकडे संशयानेच पाहावं.

संशयालाही उतरंड असते. शिसं रंगात मुख्यतः रंगद्रव्य म्हणून यायचं. गडद, झगझगीत पिवळा म्हणजे पुष्कळदा क्रोम यलो, रसायनाच्या नावाने लेड क्रोमेट. केशरीही त्याच कुळातला. त्या पिवळ्यात निळा मिसळला की क्रोम ग्रीन. जुन्या घरांतली हिरवी दारं, पिवळ्या चौकटी, केशरी फळ्या डोळ्यांसमोर आणा. रंग लवकर सुकावा म्हणून घालायच्या द्रव्यांतही शिशाची संयुगं असत, म्हणून फिक्या छटाही पूर्ण निर्दोष धरता येत नाहीत. आजीच्या काळातलं जाळीचं कपाट, ज्यात दूध, दही, लोणी राहायचं, ते आज कोणी हौसेने रंगवून दिवाणखान्यात ठेवणार असेल, तर त्याच्या रंगाचे थर मोजावेत. तीन-चार निघाले, तर सगळ्यांत खालचा थर स्वातंत्र्याआधीचाही असू शकतो.

लोखंडी कपाटाची गोष्ट थोडी निराळी. गंज चढू नये म्हणून लोखंडाला पूर्वी शेंदराचं अस्तर देत. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइडच. हल्लीचं ‘रेड ऑक्साइड’ हे लोखंडाचं ऑक्साइड असतं, त्यात मुळात शिसं नको. पण आपल्याकडे रेड ऑक्साइडचं एक प्रमाणित अस्तर झिंक क्रोम घातलेलं असतं. त्यातलं क्रोमियम ज्या रूपात असतं, ते फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या द्रव्यांपैकी आहे. आता, लाल अस्तर दिसलं म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. ते कोरडं घासायचं नाही, एवढं पुरे.

शिशाचा रंग आणि मुलं यांचा संबंध ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये फार लवकर ओळखला गेला होता. ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये लिहिलं, की इथल्या मुलांना होणाऱ्या विषबाधेचं मूळ व्हरांड्यांच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या भिंतींत आहे. तिथल्या कडक उन्हात रंगाचं पीठ व्हायचं, ते हाताला लागायचं आणि हात तोंडात जायचा. हात तोंडात घालणं हे मुलांचं कामच. १९०४ ते २०१७ या ११३ वर्षांच्या अंतराबद्दल वेगळं काही म्हणायला नको.

नंतर अमेरिकेत संशोधक हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, कारण शिसं हाडादातांत साठून राहतं. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, दातांत जास्त शिसं असलेली मुलं बुद्धिमापनात आणि वर्गातल्या लक्ष देण्यात मागे पडलेली दिसली. त्यांच्यात विषबाधेचं उघड लक्षण एकही नव्हतं. शिसं घातक आहे ते याच अर्थाने. ना ताप, ना उलटी, डॉक्टरांकडे जावं असं काहीच घडत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार-पाच पट अधिक शोषून घेतं. शरीरात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढतं, आणि आपल्याकडे लोह कमी असलेली मुलं किती असतात हे माहीतच आहे.

हा धोका केवढा, ते एका छोट्या गणितात कळतं. समजा, जुन्या रंगात एक टक्का शिसं आहे. जुन्या ऑइल पेंटसाठी हे काही अजब प्रमाण नव्हे. घासताना त्याची फक्त एक ग्रॅम धूळ उडाली, चमचाही भरणार नाही एवढी. तिच्यात १०,००० मायक्रोग्रॅम शिसं असेल. ती दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात सारखी पसरली, तर दर चौरस फुटावर १०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्ये फरशीवरच्या धुळीसाठी धोक्याची रेषा ठरवली ती चौरस फुटाला १० मायक्रोग्रॅमवर, आणि पुढे तीही जास्तच वाटल्याने आणखी खाली आणली. म्हणजे एका ग्रॅमने दहापट. आणि कपाटाचं एक दार यंत्राने कोरडं घासलं, तर एक ग्रॅमवर भागत नाही.

म्हणून माझं पहिलं मत असं, की जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नये. ‘मुळापासून लाकूड काढून’ करायचं काम रंगाऱ्याला अभिमानाचं वाटतं, ग्राहकालाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण चांगल्या चिकटलेल्या रंगावर नवा रंग उत्तम बसतो. त्याला हवा असतो तो फक्त स्वच्छ आणि किंचित खरखरीत पृष्ठभाग. खालचं शिसं खालीच राहतं आणि तिथे ते कोणाचं काही बिघडवत नाही.

कपाटाच्या बाबतीत याला एक अपवाद आहे. भिंतीवरचा थर जागचा हलत नाही. कपाटाच्या मात्र काही जागा रोज एकमेकींवर घासतात. दाराची चौकटीला टेकणारी कड, बिजागरीची बाजू, खण जिथे सरकतो त्या पट्ट्या. जुना रंग तिथे रोज थोडा थोडा झिजून पीठ होतो आणि आतल्या डब्यांवर बसतो. वरून कितीही हात मारले तरी झीज थांबत नाही. अशा जागांचा रंग काढायचा, तोही ओला करून. जमल्यास दार किंवा खण तासून थोडी मोकळी जागा ठेवायची. तासायचं तेही आधी त्या कडेचा रंग काढून झाल्यावरच.

रंगात शिसं आहे का, हे घरबसल्या सांगणाऱ्या चाचणीच्या कांड्या मिळतात. खूप शिसं असेल तर त्या रंग बदलतात. पण कांडीने ‘नाही’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नये. कमी प्रमाण तिला ओळखता येत नाही, आणि ती वरचाच थर चाखते. खात्री हवी असेल तर खालच्या लाकडापर्यंतचा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो. घरात गरोदर स्त्री वा पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर हा खर्च करावा. नाहीतर शिसं आहेच असं धरून चालणं सोपं आणि फुकट.

तसं धरून चालायचं म्हणजे काय? मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवायचं. कपाट रिकामं करायचं, दारं बिजागऱ्यांसकट उतरवायची आणि शक्य तर गच्चीत किंवा बाल्कनीत न्यायची. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं. साध्या पॉलिश पेपरऐवजी वॉटर पेपर घ्यायचा आणि स्प्रेच्या बाटलीने पृष्ठभाग ओला ठेवत हाताने घासायचं. निघालेला गाळ ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत टाकायचं. बादलीत पिळून ते पाणी झाडांना घालायचं नाही. झाडू नाहीच. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, कारण त्याच्या गाळणीतून सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत घातक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते; हेपा गाळणी असेल तरच तो वापरावा. तोंडावर एन-९५ मास्क, चेहऱ्याला नीट चिकटलेला. रुमाल बांधल्याने धूळ अडत नाही, अडल्याचं समाधान तेवढं मिळतं. काम संपल्यावर आधी हात-तोंड, मग चहा. अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे.

आता ज्या विषाला कोणी विष म्हणत नाही त्याकडे, म्हणजे फोडणीकडे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा रंग सहा महिन्यांत पापुद्रे धरून निघाला, तर दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. शेगडीच्या वरच्या आणि बाजूच्या दारांवर तेलाची वाफ वर्षानुवर्षं बसते आणि हवेने तिचं चिवट, पिवळट वार्निश होतं. नवा रंग लाकडाला चिकटत नाही, या थराला चिकटतो आणि त्याच्याबरोबरच सुटतो. पुष्कळजण इथे थेट पॉलिश पेपर चालवतात. त्याने तेल निघत नाही. पेपराचे दाणे ते लाकडाच्या रेषांत आणखी खोल दाबतात. आधी धुणं, मग घासणं, हा क्रम उलटा करून चालत नाही.

धुण्यासाठी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. हातमोजे घालावेत, खालून वर पुसत जावं म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यावं. सोड्याचा अंश राहिला तर तोही रंगाला सोडवतो. मग एक रात्र वाळू द्यावं. काही ठिकाणी याच कामाला कॉस्टिक सोडा वापरतात, तो मात्र नको. त्याने कातडी भाजते, सागवान काळं पडतं, आणि अ‍ॅल्युमिनियमची मूठ किंवा पट्टी असेल तर दोघांच्या झटापटीत हायड्रोजन वायू सुटतो. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल ही दोन्ही ‘जास्त स्वच्छ निघेल’ म्हणून एकत्र ओतणारेही भेटतात. त्यातून क्लोरीन निघतो.

धुतल्यावर कपाटाचा खरा स्वभाव दिसतो. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून अस्तर देण्याच्या थोडं आधी पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसून घेतात. सनमायकाला छिद्रंच नसतात. तो घासून त्याची चकाकी मारायची आणि अशा गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारं खास अस्तर लावायचं, नाहीतर नख लागताच रंग सालीसारखा निघतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पिऊन फुगतात, तिथे ओलं घासकाम जपून. एमडीएफ आणि प्लायवुड यांना जोडणाऱ्या सरसांत फॉर्माल्डिहाइड असतं; कच्च्या कडा आणि मागच्या बाजू रंगाने बंद केल्या की ते बाहेर येणं कमी होतं. दिसत नाही म्हणून मागची बाजू सोडून देण्यात तेव्हा बचत नाही. खड्डे लांबीने भरायचे, पत्र्याने सपाट करायचे, वाळल्यावर हलका पेपर मारायचा. एवढं इथे पुरे. लांबी भरणं वाचून येत नाही, हातानेच येतं.

जुना रंग खरोखरच सुटलेला असेल आणि सगळाच काढायचा असेल, तर दोन सोपे मार्ग समोर येतात आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला आगीचा. ब्लोलॅम्पने रंग फुगवून खरवडला की काम भराभर होतं, पण त्या उष्णतेने शिशाचा धूर होतो. अमेरिकेत शिशाच्या रंगावर उघडी ज्योत वापरायला मनाई आहे, आणि गरम हवेच्या पिस्तुलालाही सुमारे ६०० अंश सेल्सियसची मर्यादा आहे.

दुसरा मार्ग पेंट रिमूव्हरचा. ब्रशने लावलं की पाच मिनिटांत रंग सुरकुततो. या जादूमागे पुष्कळदा मिथिलीन क्लोराइड असतं; डब्यावर त्याचं नाव डायक्लोरोमिथेन असंही असू शकतं. त्याची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड. ती गुंगी आणते, आणि शरीरात गेल्यावर तिचं रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबांचा जुना थर काढताना या द्रव्यामुळे मरण पावलेल्या १३ कामगारांची नोंद झाली. टबात वाकून काम करताना जड वाफ टबातच साठली आणि माणूस तीच श्वासात घेत राहिला. २०१९ मध्ये तिथे सामान्य ग्राहकाला असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली. आपल्याकडे टब फारसे नसतात, पण ओट्याखालचं कपाट असतं. त्यात गुडघ्यावर बसून, डोकं आत घालून रिमूव्हर लावणारा माणूस त्याच अवस्थेत असतो. एन-९५ मास्क वाफेला अडवत नाही, तो धुळीसाठी आहे. वाफेला कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो, आणि मिथिलीन क्लोराइडपुढे तोही लवकर हरतो. हे द्रव्य घरात आणूच नये.

आता नव्या रंगाकडे. घरी रंगवायचं असेल तर पाण्यावर आधारित इनॅमल घ्यावा. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, आग लागण्याची भीती नाही. ऑइल पेंटसारखी काचेची चमक त्याला येत नाही अशी तक्रार असते. ती काही अंशी खरी आहे. पण दोन जाड हातांऐवजी तीन पातळ हात दिले आणि मध्ये ३२० नंबरचा पेपर फिरवला, तर फरक सांगणाराही बोटाने चाचपून सांगतो.

ऑइल पेंट, ड्युको किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लावायचा असेल तर स्वयंपाकघर ही सर्वांत वाईट जागा. टोल्यूइन असलेल्या थिनरची वाफ ४ अंशांवरसुद्धा पेटू शकते; टर्पेंटाइनला साधारण ३५ ते ४० अंश लागतात, म्हणजे विदर्भातली मे महिन्याची दुपार पुरेशी आहे. ही वाफही जड. ती दिसत नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि भेटेल त्या ठिणगीशी गाठ घालते. स्वयंपाकघरात ठिणग्यांची काय कमतरता! शेगडी आहे, फ्रीजचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच आहे, आणि कित्येक घरांत देव्हाराही तिथेच, निरांजन आणि उदबत्तीसह. सिलिंडर तर रंगवायच्या कपाटातच बसलेला असतो. तो रेग्युलेटर काढून, टोपी लावून बाहेर हलवावा, पाइपचा गॅस असेल तर मुख्य चावी बंद करावी, फ्रीजची पिन काम सुरू करण्याआधी काढावी, आणि देवांना त्या दिवशी फुलांवर भागवायला सांगावं. खिडक्या समोरासमोर उघडाव्यात. छताचा पंखा वाफ बाहेर टाकत नाही, खोलीतच फिरवतो. शिवाय ओल्या रंगावर धूळ आणून बसवतो.

ड्युको हे १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने मोटारींसाठी काढलेलं लॅकर. भराभर सुकावं आणि कारखान्यात गाड्या अडकून पडू नयेत, यासाठी ते जन्मलं. भराभर सुकतं म्हणजे त्यातलं द्रावक भराभर हवेत जातं. कारखान्यात ते ओढून घेणारी यंत्रणा असते, दोन खोल्यांच्या घरात नसते. पावसाळ्यात त्याचा आणखी एक त्रास. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंगावर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. कोकणात जुलैत लॅकर मारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

पीयूच्या दोन डब्यांपैकी कडक करणाऱ्या डब्यात आयसोसायनेट असतात. भोपाळच्या वायुगळतीमुळे हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला आहे. हे त्या वायूइतके उडणारे नाहीत, पण फवारले की श्वासावाटे जातात आणि एखाद्याला त्यांचा जन्मभराचा दमा जडतो. मग पुढे त्यांच्या अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. पीयूची फवारणी राहत्या घरात करू देऊ नये. दारं सुतार-पॉलिशवाल्याच्या कारखान्यात पाठवावीत, ने-आणीचा खर्च सोसावा. रंगाऱ्याचा व्यवसाय हाच माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घातलेला आहे. आपण दोन दिवस वास सोसतो, तो तीस वर्षं. योग्य मास्क आपण विकत आणून त्याच्या हातात दिला तर तो हसेल कदाचित, पण घालेलही.

जवसाचं उकळलेलं तेल किंवा तेलाचं पॉलिश वापरणाऱ्यांसाठी फडक्यांची गोष्ट. हे तेल नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. चुरगळून ढीग केला तर ओल्या गवताच्या गंजीसारखी आतल्या आत वाढत जाते आणि काही तासांनी, काडी न लावता, ढीग पेटतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत लाकडी भिंतफळ्यांना पॉलिश करणाऱ्यांनी तेलाची फडकी २२ व्या मजल्यावर ठेवली होती. तिथे लागलेली आग सुमारे १९ तास धुमसली, तीन अग्निशमन जवान मरण पावले. फडकी एकेक करून मोकळ्या हवेत वाळत घालावीत, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं.

रंग लागला, आता घाई सुरू होते. ऑइल पेंट हाताला चार-सहा तासांत कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला त्याला आठवडे लागतात. तोही ऑक्सिजन घेऊनच पक्का होतो, आणि दार मिटलेल्या कपाटात ऑक्सिजनही नाही, वाऱ्याची झुळूकही नाही. चौथ्या दिवशी फळीवर वर्तमानपत्र अंथरून डबे रचले की पेपर कायमचा चिकटतो. पुढच्या दिवाळीला त्यावरच्या बातम्या वाचता येतात. म्हणून दारं निदान आठवडाभर उघडी ठेवावीत, जमल्यास जास्त. पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो हीही त्याची जुनी खोड. कपाटाचं बाहेरचं अंग पांढरं राहतं, आतलं वर्षभरात लोणकढी तुपाच्या रंगाचं होतं. त्यात दुकानदाराची फसवणूक नाही.

तेव्हा आतून रंगवावंच का? माझ्या मते खाण्याच्या वस्तूंचं कपाट आतून रंगवू नये. चहाची पूड, लोणी, पिठं वास ओढून घेतात, आणि रंगाचा वास नाकाला लागेनासा झाला तरी चहाला लागतो. आतलं लाकूड उघडं असेल तर चपडालाखेचं पॉलिश द्यावं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. स्पिरिट तासाभरात उडून जातं, आणि मागे राहते ती गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायलाही वापरली जाणारी लाख. लावताना स्पिरिट पेट घेतं एवढं ध्यानात ठेवावं. गरम भांडं आणि सोड्याचं पाणी लाखेला सोसत नाही, पण कोरड्या डब्यांच्या फळीला ती उत्तम. जुना वासही ती खाली दाबून ठेवते.

उरलेला रंग मोरीत ओतू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची जी व्याख्या दिली होती, तिची सुरुवातच टाकून दिलेल्या रंगाच्या डब्यांनी झाली होती. ओला, सुका यांखेरीज तो कचरा वेगळा द्यायचा असतो. खरवडलेले पापुद्रे आणि गाळाची फडकी दुहेरी पिशवीत, तोंड बांधून, त्याच्याबरोबर. थोडा रंग पुढच्या डागडुजीसाठी ठेवायचा असेल तर तो लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा, अर्ध्या रिकाम्या डब्यात त्यावर साय धरते. बाटलीवर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहावी. आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, पेन्सिलीने नोंद करून ठेवावी: खाली जुना रंग किती थरांचा आहे, तपासला होता का, वरचा कोणता आणि केव्हा दिला. पुढच्या वेळी कोणी पॉलिश पेपर घेऊन येईल, तेव्हा त्याला आधी बिजागऱ्याच सोडवाव्या लागतील.